मेणबत्तीपासून ‘खलनायक’पर्यंत: चित्रपट महोत्सवाच्या संयोजकांना एका लाइटवाल्याचे खुले पत्र

माननीय संयोजक मंडळी,

स. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यातला. जत्रेतल्या आणि स्पर्धेतल्या मराठी नाटकांना लाइट लावणे हा माझा धंदा. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे दोन डिमर, सोळा फोकस, वायरींच्या चार पेट्या आणि एक म्हातारा टेम्पो एवढी इस्टेट. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत रात्री जागायच्या आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडत बसायचे, असे वर्ष जाते. तुमचा आंतरराष्ट्रीय महोत्सव नोव्हेंबरात, म्हणजे नेमका आमचा हंगाम उभा राहत असताना येतो. तरीही २००४ साली तो गोव्यात आला तेव्हापासून मी दोन-तीन दिवस काढून पणजी गाठतोच. रात्री मार्दोळला नाटक आणि सकाळी पणजीत इराणी सिनेमा, असेही केले आहे. इराणी सिनेमात झोप लागली, तो दोष त्या सिनेमाचा नव्हे.

हे पत्र तक्रारीचे नाही, मागणीचे आहे. दरवर्षी तुम्ही एखाद्या दिग्दर्शकाचे किंवा नटाचे जुने चित्रपट एकत्र दाखवता. तसेच एका तंत्रज्ञाचे दाखवा. सहा-सात चित्रपट, सगळे वेगवेगळ्या जातकुळीचे आणि सगळ्यांमागचा हात एकाच माणसाचा. सुरुवात कॅमेरामन अशोक मेहता यांच्यापासून करा. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. १५ ऑगस्ट २०१२ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने गोव्याने काहीतरी करावे असे मला वाटते, कारण गोव्यातल्या घरातला अंधार जसा त्यांनी टिपला तसा दुसऱ्या कोणी टिपलेला मी पाहिलेला नाही.

ही मागणी डोक्यात कशी आली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका मंडळाने ‘त्रिकाल’ दाखवला. श्याम बेनेगल यांचा १९८५ चा चित्रपट, सासष्टी तालुक्यातल्या लोटली गावी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात चित्रित झालेला. मी मुद्दाम गेलो. हॉलच्या मागच्या बाजूला चहा-बटाटवड्याचे टेबल होते, म्हणून तिथल्या दोन ट्यूबलाइट चालूच. पडदे अर्धवट ओढलेले. आणि मागे बसणाऱ्यांना नीट दिसावे म्हणून प्रोजेक्टरचा ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवलेला. नवरा वारला हे मानायलाच तयार नसलेल्या विधवेचा लीला नायडूंचा चेहरा, ज्याच्या एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर रात्र असायला हवी, तो डाळीच्या वरच्या पाण्यासारखा करडा झाला होता. शेजारचा गृहस्थ मला म्हणाला, “पिक्चर जुनो मरे, रंग गेल्यात.” रंग कुठेही गेले नव्हते, आम्हीच ते घालवले होते. उठून ट्यूब बंद करावी असे तीनदा मनात आले. उठलो नाही. परगावच्या मंडळात आगाऊपणा नको वाटला. ती रुखरुख अजून आहे आणि हे पत्र थोडेफार तिचेच आहे.

‘त्रिकाल’मधले रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात घेतलेले आहेत. वाचायला हे सोपे वाटते, म्हणून धंद्यातल्या माणसाच्या तोंडून ऐका. मेणबत्तीपासून एका हातावर बसलेल्या माणसाला दोन हातांवर नेले तर त्याच्या तोंडावरचा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवती आठ माणसे बसवली की बत्तीजवळचा उजळतो आणि टोकाचा बुडतो. त्यात रंगाचा प्रश्न वेगळाच. उजेडाचा रंग आम्ही केल्विन या मापात मोजतो. मेणबत्तीचा उजेड साधारण १,९०० केल्विनचा, स्टुडिओतल्या दिव्याचा ३,२००, भर दुपारच्या उन्हाचा ५,६०० च्या आसपास. आकडा उतरेल तसा रंग तांबूस. आजचे डिजिटल कॅमेरे अंधारातही बघतात, पण १९८५ च्या फिल्मला उजेड भरपूर लागायचा. त्यामुळे त्या काळच्या हिंदी चित्रपटात रात्र झाली की कुठून तरी निळा उजेड यायचा आणि सगळे स्वच्छ दिसायचे. तो निळा उजेड कोण देतो, हे कोणी विचारत नसे.

आम्ही नाटकवाले तरी काय वेगळे करतो? देवघराचा सीन असला की समई पेटवायची आणि तिच्यामागे साठचा बल्ब लपवायचा. वरून पिवळे जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेला एक फोकस. प्रेक्षकाला वाटते, समईचा उजेड. ‘त्रिकाल’ बघताना मी पहिल्यांदा लपवलेला बल्ब शोधत बसलो होतो. दुसऱ्यांदा बघताना शोधायचे विसरलो. माझ्या आईच्या लहानपणी आमच्या वाड्यावर वीज नव्हती. ती सांगायची, दिवेलागणीनंतर घरातली माणसे तोंडावरून नव्हे, पायांच्या आवाजावरून ओळखायची. चित्रपटातली ती घरातली माणसे तशीच अर्धी दिसतात, अर्धी ऐकू येतात. १९६१ चे, मुक्तीच्या तोंडावरचे गोवे. आपल्या पायाखालची जमीन हलते आहे हे त्या घराला कळते आहे आणि कळून घ्यायचे नाही. एवढे सगळे त्या अपुऱ्या उजेडात येते. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते दिग्दर्शनाला आणि वेशभूषेला. त्या वर्षीचा छायाचित्रणाचा पुरस्कार ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी सुब्रत मित्र यांना गेला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पुरस्काराबद्दल वाद घालायची माझी पात्रता नाही. पण मी परीक्षक असतो तर रात्रभर झोपलो नसतो.

दिवसाचा उजेडही सोडू नका. सासष्टीत एका जुन्या घरी लग्नाच्या रोषणाईला गेलो होतो. दुपारी सालात, म्हणजे दिवाणखान्यात, वायर ओढता ओढता शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी हाताला लागली. काचेसारखी गार नव्हती. नखासारखी होती, किंचित खरबरीत आणि कडेला पापुद्रे सुटलेली. बाहेर एप्रिलचे ऊन भाजत होते आणि आत येणारा उजेड दुधात भिजवून काढल्यासारखा. मुंबईत शूटिंगला सोलरसमोर, म्हणजे मोठ्या दिव्यासमोर, बटर पेपर ताणून जो मऊपणा आणायला आम्हाला अर्धा तास लागायचा, तो आमच्या जुन्या सुतारांनी चौकटीत शिंपले बसवून कायमचा करून ठेवला होता. असे घर हातात आले की कॅमेरामनने काय करायचे? बहुतेक जण आणखी चार दिवे आणतात.

मुंबईचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९९१ ते १९९४ मी गोरेगावला लाइटमन होतो. मेहतांच्या युनिटवर काम करायचा योग कधी आला नाही. पण लाइटमनच्या चहाच्या गप्पांत त्यांचे नाव वेगळ्या सुरात निघायचे, आपल्यातला माणूस असल्यासारखे. घर सोडून मुंबईत आलेला पोरगा, स्टुडिओत पडेल ते काम करत कॅमेऱ्यापर्यंत पोचलेला, कुठल्या इन्स्टिट्यूटचा कागद नाही. सोलर खांद्यावर घेऊन स्टुडिओच्या छतालगतच्या कॅटवॉकवर चढणाऱ्या पोराला अशा गोष्टीचा केवढा आधार असतो, हे तुम्हाला एसी हॉलात बसून कळायचे नाही. रागावू नका, मीही आता एसी हॉलातच बसून सिनेमे बघतो.

त्याच दिवसांत ‘खलनायक’ लागला, १९९३ साली. आमची सगळी गँग बघायला गेली. ते घागरे, ती आरशांची चमक, ती तुडुंब रंगांची गर्दी. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, हा तोच माणूस का, मेणबत्त्यांवाला? आमचा मुकादम म्हणाला, तोच. नंतर ‘बँडिट क्वीन’ आला. चंबळच्या घळी, धूळ, डोळ्यांत खुपणारे ऊन, कुठे सावलीला जागा नाही. तोही तोच. सुभाष घईंचा भपका आणि शेखर कपूर यांचा तो अंगावर येणारा उघडेवाघडेपणा, हे वर्षभराच्या अंतराने एका माणसाने टिपले. माझ्यासारख्याला याचे नवल वाटते, कारण आमच्यात नाटकाची जात बदलली की लाइटवाला बदलतो. पौराणिकवाला वेगळा, सामाजिकवाला वेगळा. पौराणिकवाल्याच्या हाती कौटुंबिक नाटक दिले तर तो सासूच्या प्रवेशालाही लाल-हिरवा फिरवतो.

चित्रपटवाल्यांनीही कपाटे करून ठेवली आहेत. एका कपाटावर ‘समांतर’, दुसऱ्यावर ‘धंदेवाईक’. फिल्म सोसायटीतली मंडळी दुसरे कपाट उघडत नाहीत आणि थिएटरमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या आम्हाला पहिल्याची किल्लीच मिळत नाही. मेहतांचे काम दोन्हींत आहे. अपर्णा सेन यांचा पहिला चित्रपट ‘३६ चौरंगी लेन’, १९८१, एकट्या पडलेल्या अँग्लो-इंडियन शिक्षिकेची गोष्ट. त्याच्या छायाचित्रणासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेनेगल यांच्याबरोबर ‘मंडी’ आणि विणकरांवरचा ‘सुस्मन’. गुलजार यांचा ‘इजाजत’, म्हणजे पाऊस, रात्र आणि रेल्वेचे वेटिंग रूम. घईंचे ‘राम लखन’ आणि ‘सौदागर’. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा ‘गजगामिनी’. पुढे ‘मोक्ष’ त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला, २००१ साली, आणि कॅमेऱ्यासाठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार घेतला, पहिल्यानंतर वीस वर्षांनी. सगळेच मला आवडतात असे नाही. ‘गजगामिनी’त मी तासाभरात दमलो. ‘मोक्ष’ची गोष्ट मला पटली नाही. पण आवाज बंद करून ते दोन्ही मी पुन्हा बघितले आहेत, आणि लाइटवाल्याला आवाजाची फारशी गरज नसते.

‘उत्सव’बद्दल मात्र सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे माझी स्वतःची लाज गुंतलेली आहे. गिरीश कार्नाड यांचा १९८४ चा चित्रपट, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरचा. हे नाटक आम्हाला परके नव्हे. देवलांचे ‘संगीत मृच्छकटिक’ नाट्यपदांसकट आमच्या घराघरांत पोचलेले. १९८८ च्या सुमारास आमच्या भागात एका जत्रेला हौशी मंडळींनी त्यातले काही प्रवेश बसवले होते आणि लाइट माझ्याकडे. शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडून आत शिरतो, तो प्रवेश. शूद्रकाचा चोर मोठा तयारीचा. आत आल्यावर तो दिवा विझवायला एक किडा सोडतो, किडा ज्योतीवर झेपावतो आणि मग अंधार. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. म्हटले, आज अंधार कसा असतो ते दाखवू. सगळे फोकस उतरवले, फक्त एका बाजूने निळसर तिरीप ठेवली. शर्विलकाचा नुसता खांदा आणि हत्यार दिसत होते. मंडपात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मी स्वतःवर खूश.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, “लायट वाडय रे! म्हज्या पुताचें तोंड दिसना!”

नाटकाचा अर्धा खर्च त्या गृहस्थांनी उचलला होता. त्यांचा मुलगा शर्विलक. मी डिमर वर ढकलला. सगळे सोळा... नाही, तेव्हा सहाच होते, सहाही पूर्ण पेटले. भर दुपारच्या उजेडात चोर चोरी करू लागला, समोर चारुदत्ताचा मित्र मैत्रेय डोळे मिटून झोपल्याचे सोंग करत पडलेला, आणि मंडप हसून लोळला. त्या मुलाने पडद्यामागे येऊन मला काही म्हटले नाही. नुसते बघितले.

पुढे केव्हातरी ‘उत्सव’ बघितला. तीच वसंतसेना, तोच चारुदत्त, तोही चोर. दागिन्यांवर, पितळेवर, कातडीवर दिव्यांचे सोने पडलेले आणि चौकटीचा उरलेला भाग बिनधास्त अंधारात सोडून दिलेला. इथे कोणी पुढच्या रांगेतून ओरडले नसेल का? निर्मात्याच्या जागी बसलेल्या माणसाला आपल्या पैशाचा प्रत्येक इंच दिसायला हवाच असतो. मग या माणसाने डिमर खाली कसा ठेवला? ‘खलनायक’मध्ये तो वर नेला तो कुठल्या हिशेबाने आणि ‘त्रिकाल’मध्ये जवळजवळ बंद केला तो कुठल्या धिटाईने? हे मला एका चित्रपटातून कळले नाही. सगळे जवळजवळ ठेवल्यावर थोडेसे कळायला लागले, आणि म्हणून ही मागणी.

तुम्ही म्हणाल, आम्ही कॅमेरामनना मान देतोच. देता. २०२१ च्या जानेवारीत, कोविडमुळे लांबलेल्या महोत्सवात, तुम्ही इटलीच्या व्हित्तोरिओ स्तोरारो यांना जीवनगौरव दिलात आणि मी मास्कच्या आतून टाळ्या वाजवल्या. देशानेही २००८ चा फाळके पुरस्कार व्ही. के. मूर्तींना दिला, कॅमेरामनला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण गौरव म्हणजे शाल आणि दहा मिनिटांची क्लिप. क्लिपमध्ये प्रत्येक चित्रपटातला सर्वांत देखणा शॉट येतो. कॅमेरामनचे काम देखण्या शॉटमध्ये कमी आणि दोन साध्या शॉटच्या जोडणीत जास्त असते. सकाळी घेतलेला शॉट आणि संध्याकाळी घेतलेला शॉट पडद्यावर एकाच मिनिटातले वाटले पाहिजेत. ते बघायला अख्खा चित्रपट लागतो.

तेव्हा ‘बँडिट क्वीन’ आणि ‘खलनायक’ एकाच दिवशी, एकाच पासावर, मागोमाग लावा. दोन्हींचे प्रेक्षक एकमेकांकडे संशयाने बघतील, बघू देत. ‘त्रिकाल’ मात्र मडगावच्या रवींद्र भवनात दाखवा. लोटली तिथून जवळ आहे. त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना पणजीपर्यंत कशाला फिरवता? आणि नंतरच्या गप्पांना समीक्षक एकच ठेवा. बाकीच्या खुर्च्यांवर मेहतांच्या हाताखाली काम केलेले फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारे), गॅफर (लाइटमनचे मुख्य), लाइटमन यांतले जे कोणी येऊ शकतील त्यांना बसवा. दिवा कुठे ठेवला होता हे त्यांनाच आठवत असते. हिंदीत बोलतील, अडखळतील, मध्येच रडतीलही कोणी. चालेल.

आमच्या पोरांना फुकट सोडा, ही विनंती थोडी स्वार्थाची. गोव्यात बाहेरची शूटिंगे सतत चालू असतात. आमची पोरे तिथे रोजंदारीवर स्टँड उचलतात, केबल गुंडाळतात, समुद्रावर थर्माकोल धरून उभी राहतात. थर्माकोल कशाला धरला हे त्यांना कोणी सांगत नाही. माझ्याकडे काम करणारा एक मुलगा मला विचारत होता, “बाब, हे लोक उनातसुद्धा लाइट कित्याक लावतात?” मी माझ्या परीने सांगितले, उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात त्या भरायला. पण ‘बँडिट क्वीन’मध्ये त्या सावल्या भरलेल्या नाहीत आणि त्या का भरल्या नाहीत, हे सांगायला तो चित्रपट मोठ्या पडद्यावर त्याच्या समोर लागला पाहिजे.

प्रती कुठल्या येतील त्यावरही नजर ठेवा. जुना चित्रपट नव्याने उतरवताना सावल्या उजळून टाकायची खोड पुष्कळांना असते, टीव्हीवर बरे दिसावे म्हणून. तशी प्रत आली तर कृपा करून परत पाठवा. धूळ-चरे चालतील.

शेवटी एक छोटी गोष्ट. हॉलच्या पायऱ्यांवर निळ्या दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यांचा उजेड पडद्याच्या खालच्या कडेवर चढतो. इतर चित्रपटांना फरक पडत नाही, ‘त्रिकाल’ला पडतो. संकटकाळी बाहेर पडायच्या दारावरची पाटी तशीच जळत राहू दे, ती विझवायची नसते. पुढच्या चार पायऱ्यांच्या पट्ट्या मात्र काळ्या टेपने अर्ध्या झाकाव्या लागतील. खेळाच्या आधी तासभर हॉल उघडा द्या, मी येऊन झाकतो आणि संपल्यावर काढून नेतो. टेप माझ्याकडची, तिचे पैसे नकोत. फक्त तारीख जत्रेच्या दिवशी टाकू नका.

आपला,
फोंड्याचा एक लाइटवाला